पांढऱ्या पेशीला हिरवा गोट

३ मार्च, सोमवार

आज माझ्या नातीच्या, शेल्बीच्या शाळेत पालकांची सभा होती आणि मी बाकात अडकले. खोटं नाही लिहीत. तिथल्या बाकाला खुर्ची आणि टेबल एकत्रच जोडलेलं असतं, बारा वर्षांच्या पोरांच्या मापाचं, आणि मी शहाणी पुढच्या रांगेत जाऊन त्यात घुसले. सभा संपली, सगळे उठले. मी उठले तर बाकही माझ्याबरोबर उठलं. शेल्बीच्या विज्ञानाच्या प्रुइट बाई आणि माझी चुलतबहीण व्हर्ली, दोघींनी मिळून मला ओढून काढलं. व्हर्लीची नात त्याच वर्गात आहे. "ऑर्फा, चौथीत तर शाळेतून आपणहून पळालीस, आता सोडवत नाही होय?" असं सगळ्यांदेखत म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. घरी पोचेपर्यंत कान तापलेले होते.

पण खरी गोष्ट राहिलीच. वर्गातल्या प्रत्येकानं पेशीचा नमुना करायचा आहे. ज्याचा नमुना आणि उत्तरं चांगली, त्याच्या नावाची शिफारस बाई लेक्सिंग्टनच्या विद्यापीठात पाठवणार. जूनमध्ये दोन आठवडे तिथं राहायचं, खऱ्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं. वर्गातून एकच नाव जाणार. शेल्बीला ते किती हवंय हे मला कळतं, कारण सभेपासून तिनं त्याचं नावही काढलेलं नाही. तिच्या आईचंही असंच होतं.

घरच्यांनी मदत केली तर चालेल, पण आराखडा मुलाचा हवा. "समजलं ना, मिसेस सायझमोर?" बाईंनी विचारलं. मी मान डोलावली. पेशी म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. ट्रकमध्ये बसल्यावर शेल्बीला विचारलं.

"मॅमॉ, तू पेशींचीच बनलेली आहेस."

"मी बिस्किटं आणि ग्रेव्हीची बनलेली आहे. कुणालाही विचार."

६ मार्च, गुरुवार

शेल्बीनं ठरवलं, गोधडी करायची. पेशीची गोधडी! बाकीची पोरं फोमचा गोळा आणणार, केक आणणार, जेलीत रंगीत गोळ्या घालून आणणार. ही म्हणाली, "तुझ्यासारखं शिवणारं दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, मॅमॉ." मी शेगडीकडे तोंड केलं, डोळे पुसायला. बीन्स लागले खाली. लागू देत.

तिनं रक्तातली पांढरी पेशी निवडली आहे. मला जसं कळलं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरायची. ही पेशी अंगभर गस्त घालत फिरते. जंतू दिसला की हात पुढे करते, त्याला कवेत घेते आणि गिळते. "हात म्हणजे खरे हात नाहीत, आपलं अंगच ती पुढं करते," शेल्बी म्हणाली. आमच्या डेन्झिलसारखं. केक टेबलाच्या त्या टोकाला असला की माझा नवरा खुर्चीवरून न उठताच तिथपर्यंत पोचायचा.

आणि आत काय काय आहे, बाई गं! मधे केंद्रक, तिथे सगळ्या कामांच्या सूचना ठेवलेल्या. मला वाटलं गोल असेल, तर या पेशीचं म्हणे घेवड्याच्या दाण्यासारखं, एका बाजूनं दबलेलं. तंतुकणिका म्हणजे चुली, अन्नातून ताकद काढतात. आंतर्द्रव्यजालिका, हे नाव मी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा चुकले, शेल्बी पोट धरून हसली, ती म्हणजे घड्याघड्यांची गल्ली. तिच्यावर रायबोसोमचे ठिपके बसलेले, ते प्रथिनं तयार करतात. गॉल्गी पिंडात तो माल बांधतात, पत्ता घालतात आणि रवाना करतात. आणि लयकारिका म्हणून पिशव्या असतात, त्यात मोडकंतोडकं आणि पकडून आणलेले जंतू विरघळवायचे. "त्यातलं चांगलं असेल ते परत वापरतात," शेल्बी म्हणाली. म्हणजे हुबेहूब माझ्या आईचं घर.

अडुसष्ट वर्षं मी या सगळ्यांना अंगात घेऊन फिरतेय आणि एकदाही चौकशी केली नाही. माझी मलाच लाज वाटली.

९ मार्च, रविवार

माझी लेक ट्रीना, शेल्बीची आई, आली होती. लेक्सिंग्टनला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते, रविवार तेवढा तिचा आणि आमचा. आज तिनं आल्याआल्या किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

"ममा! हा माझ्या प्रॉमचा ड्रेस आहे!"

"होता. आता गॉल्गी पिंड आहे."

"मला विचारायचंस तरी!"

"तू मावतेस का आता त्यात?"

"तो प्रश्नच नाही, ममा."

मग काय प्रश्न आहे ते काही ती सांगेना. शाळेच्या शेवटच्या नाचात तिनं घातलेल्या त्या गुलाबी सॅटिनच्या घड्या एकीवर एक अशा काय बसल्यात, पॅनकेक रचून ठेवल्यासारख्या! केंद्रक डेन्झिलच्या जांभळ्या टायचं केलंय. त्याच्याकडे टाय दोनच. निळा घालून त्याला पुरला, म्हणून हा उरला. तंतुकणिका तपकिरी कॉर्डरॉयच्या. आतल्या घड्या जितक्या जास्त तितकं काम जास्त होतं म्हणे, म्हणून मी भरपूर घातल्या. रायबोसोम म्हणजे गाठीचे टाके. ते शेल्बीनं घातले. थोडे वाकडेतिकडे आहेत. ती झोपल्यावर मी काही उसवून नीट घातले, तिला कळलं नसेल.

कडेवरून मात्र वाद झाला. शेल्बी म्हणाली, "कडेला गोट लावायचा नाही, मॅमॉ. नुसती पातळ जाळी."

"अगं, गोटाशिवाय गोधडी म्हणजे बटणांशिवाय पँट. आतला कापूस दिसेल."

"दिसू दे. ते पेशीपटल आहे. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं ते बघतं. पातळच असतं. जाड भिंत असते ती झाडांच्या पेशीला, तिला पेशीभित्तिका म्हणतात. आपल्या पेशीला भिंत नसते. म्हणून तर ती हात पुढं करू शकते. गोट लावलास तर भिंत होईल. ऐकतेयस ना?"

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हटलं ना, पोरी."

१३ मार्च, गुरुवार

चर्चच्या तळघरात आमच्या बायकांचं शिवणकाम असतं. मला राहवलं नाही, पेशी घेऊन गेले दाखवायला. आधी सगळ्याजणी गोळा झाल्या. मी लयकारिका दाखवल्या, तंतुकणिका दाखवल्या, मी जणू त्या लेक्सिंग्टनहून शिकूनच आले होते. मग व्हर्लीनं कडेवरून बोट फिरवलं.

"काय गं ऑर्फा, हात थकले का?"

"पोरीचं आहे. शाळेसाठी."

"शाळेसाठी असू दे. लोक म्हणणार ऑर्फा सायझमोरच्या घरची गोधडी आणि कापूस लोंबतोय."

"डोळ्यांनी दगा दिला असेल," दुसरी कुणीतरी म्हणाली, हळूच, म्हणजे मला ऐकू जाईल इतकंच हळूच.

माझ्या आईनं मी सात वर्षांची असताना गोट वाकडा लागला म्हणून पूर्ण गोधडी उसवायला लावली होती. ते आठवलं. "अजून पुरी कुठं झालीय," मी म्हटलं. पुरी झाली होती. शेल्बीच्या मते झाली होती.

१८ मार्च, मंगळवार

लावला. गोट लावला.

शेल्बी शाळेत गेली आणि मी गर्द हिरवं सुती कापड काढलं, तिरक्या कापाच्या पट्ट्या केल्या आणि आत दोरी भरली, म्हणजे कड ताठ राहते. जाळी मी काढलेली नाही, तिच्यावरूनच गोट घेतलाय, त्यामुळे पटल आहेच की आत. पेशीनं पुढं केलेले ते हात गोटात येईनात, म्हणून आत दुमडून घेतले. कापले नाहीत. काय देखणी दिसते आता! मी दारातून पाहिली, खिडकीतून पाहिली, चष्मा काढून पाहिली.

शेल्बी आली. दप्तरही खाली न ठेवता उभी राहिली. इतकी आवडली की पोरीला शब्दच सुचेना. बराच वेळ हिरव्या कडेवरून हात फिरवत होती. टाके उसवायचं छोटं पातं टेबलावर पडलं होतं, ते तिनं उचललं. मी म्हटलं, "कशी आहे? खरं सांग. सगळा दिवस लागला गं, पण असा गोट मी कुणाच्या लग्नातल्या गोधडीलाही लावला नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पातं डब्यात ठेवून डबा बंद केला.

"सुंदर आहे, मॅमॉ."

जेवली मात्र नाही नीट. मोठ्या दिवसाच्या आधी मलाही असंच होतं.

२० मार्च, गुरुवार

लिहायला हात उचलत नाही. पण खोटं फक्त तोंडानं बोलावं, इथं तरी नको.

शाळेच्या जिममध्ये सगळे नमुने मांडले होते. आमची पेशी भिंतीवर टांगलेली, लोक थांबून बघत होते. कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई शेल्बीपुढं उभ्या राहिल्या. मी चारच पावलांवर होते, हातात केकची बशी. त्यांनी विचारलं, शेल्बीनं उत्तर दिलं, एकेक, घडाघडा. गॉल्गी पिंडातून माल कसा निघतो ते सांगताना तिचे हातच चालायला लागले. मला वाटलं माझी छाती फुटणार.

मग बाई म्हणाल्या, "सगळं उत्तम. आता सांग, ही पेशी जंतूला गिळते कशी?"

शेल्बीनं सांगितलं. हात पुढं करते, कवेत घेते.

"मग या एवढ्या भिंतीतून हात बाहेर काढेल कशी?"

शेल्बीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बुटांकडे पाहिलं. "माझी चूक, मॅम. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"अगं, हा तर पहिला फरक. झाडाची पेशी आणि आपली पेशी."

"हो, मॅम."

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, बोलायलाच उघडलं. शेजारी व्हर्ली उभी होती, म्हणाली, "गोट मात्र झकास बसलाय." आणि मी उघडलेल्या तोंडात केक घातला.

बक्षिसाची एकही रिबन मिळाली नाही.

२२ मार्च, शनिवार

शेल्बी फार गुणी वागतेय. ताट स्वतः घासते. "थँक यू, मॅमॉ." "नको, मॅमॉ, पोट भरलं." ताकात मक्याचा पाव कुस्करून दिला, तिच्या आवडीचा, तोही "थँक यू" म्हणून अर्धा ठेवला. रिबन गेल्याचं लागलंय पोरीला. म्हणून मी उरलेल्या सॅटिनची रिबन शिवली, मधे फूल काढलं आणि तिच्या दाराला लावली. तिनं ती काढली, नीट घडी केली आणि माझ्या शिवणाच्या टोपलीत आणून ठेवली. "राहू दे, मॅमॉ."

घरात कुणी इतकं सभ्य वागायला लागलं की चोर झाल्यासारखं वाटतं. आज आरशात बघून केस विंचरले नाहीत. तसेच बांधले.

२४ मार्च, सोमवार

आज शाळेत गेले. कुणाला सांगितलं नाही, सरळ वर्गाच्या दारात उभी राहिले. प्रुइट बाईंना म्हटलं, मला पोरांशी बोलायचंय. त्या नको म्हणायच्या आतच मी फळ्यापाशी पोचले होते.

म्हटलं, "मुलांनो, तो गोट माझा. शेल्बीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, भिंत नसते. मी बरं म्हटलं आणि ती शाळेत असताना गुपचूप लावला. जिममध्ये तिनं चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी केक खात उभी राहिले." सगळं सांगितलं. आईनं गोधडी उसवायला लावली होती तेही सांगितलं, व्हर्लीचंही. तिची नात समोरच बसली होती, ते बोलून झाल्यावर दिसलं.

मागून एक मुलगी म्हणाली, "मग मार्क मॅमॉला द्यायचे का?" वर्ग खदखदून हसला. मला वाटलं होतं आता मन हलकं होईल. शेल्बीकडे पाहिलं तर तिची मान केसांच्या मुळापर्यंत लाल झाली होती. अशी लाली मला ठाऊक आहे. बाकात अडकल्यावर माझीही अशीच झाली असणार.

बाईंनी मला हाताला धरून बाहेर आणलं. म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी तिनं दुरुस्त करून आणलं तर मी पुन्हा बघेन. शिफारस अजून गेलेली नाही. पण दुरुस्ती तिनं करायची, मिसेस सायझमोर. तुम्ही नाही."

२५ मार्च, मंगळवार

आज मी अंडी तळत होते आणि म्हटलं, "पुन्हा संधी मिळाली की नाही? मॅमॉनं मिळवली!" तेव्हा ती फुटली.

"कुणी सांगितलं होतं तुला यायला?"

"अगं, तुझ्यावरचा आळ—"

"मीच घेतला होता तो! मुद्दाम! गेल्या मंगळवारी घरात पाय ठेवल्याठेवल्या मला दिसलं होतं. उसवणारच होते. आणि तू अशी उभी होतीस, हात पोटाशी धरून, ख्रिसमस असल्यासारखी. कशी उसवणार मी?" मग श्वास घेऊन, "गोट लावताना विचारलं नाहीस. वर्गात येताना विचारलं नाहीस. माझे टाकेसुद्धा काढलेस तू, मॅमॉ. मला कळत नाही वाटतं? गाठ कुणाची ते मला ओळखता येतं!"

अंडी करपली. मी गॅस बंद केला. ती पातं उचलून ठेवते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि इथंच लिहिलं होतं, पोरीला शब्दच सुचेना म्हणून. मागचं पान वाचवत नाही. त्या दिवशी बारा वर्षांची पोर मला सांभाळत होती आणि मी चष्मा काढून गोट बघत होते.

पण एक लिहिते. चार दिवसांच्या "थँक यू"नंतर तिचा तो आरडाओरडा मला बरा वाटला. ते तिला सांगितलं नाही. आणखी चिडली असती.

२९ मार्च, शनिवार

सकाळी शेल्बीनं पेशी टेबलावर पसरली. मी दारात उभी राहून विचारलं, "मी काय करू?"

"काही नको."

"बसू का इथं?"

तिनं विचार केला. "बस. हात लावायचा नाही."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसले. इतका अवघड दिवस मी काढलेला नाही, आणि मी ट्रीनाला घरी जन्म दिलाय. पोरगी पातं उलटं धरत होती. दोरी ओढताना सॅटिन फाटलं, तिच्या आईच्या ड्रेसचं. माझ्या तोंडून "अगं—" निघालं. तिनं नुसतं पाहिलं. मी ओठ मिटले.

हिरवा गोट जमिनीवर पडत गेला, सापानं कात टाकावी तसा. ते दुमडलेले हात तिनं एकेक बाहेर काढले. चुरगळलेले होते, इस्त्री केली तरी घडी गेली नाही. मी लिहिते तेव्हा अजून त्या घड्या डोळ्यांपुढं आहेत.

जाळी सरकायला लागली. ती थांबली. "मॅमॉ, ही सरकतेय."

"मी—" हात निम्मे बाहेर आले होते. परत घातले. "मी शिवू की सांगू?"

"सांग."

मग सांगितलं. मधून कडेकडे टाचण्या लावत जायचं, ओढायचं नाही. करायला मला दोन मिनिटं लागली असती. सांगायला अर्धा तास लागला, कारण मी कसं करते ते मलाच ठाऊक नव्हतं, हातांना ठाऊक होतं. तिचे टाके मोठे आणि नागमोडी. कापूस डोकावतोय. आईनं पाहिली असती तर चुलीत घातली असती.

शेवटी शेल्बीनं ती वर धरली, आणि खिडकीतला वारा लागून ते चुरगळलेले हात हलले. शेल्बी म्हणाली, "बघ. आता गिळेल."

१७ एप्रिल, गुरुवार

शिफारस शेल्बीची गेली आणि काल लेक्सिंग्टनहून होकार आला. ट्रीना फोनवर रडली. मी रडले. शेल्बी म्हणाली, "पुरे झालं, दोघीही," आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ फार वेळ चालू होता.

पेशी शाळेच्या गॅलरीत लावली आहे, खाली चिठ्ठी: शेल्बी, शिवणात मदत ऑर्फा सायझमोर. व्हर्ली आज चर्चमध्ये म्हणाली, "त्या उघड्या कडेखाली तुझं नाव वाचलं गं मी." कान तापले. अजूनही तापतात, काय करू? म्हटलं, "तिला भिंत नसते, व्हर्ली. तुझ्या नातीला विचार." पण ते बोलताना मी कुणाच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

शेल्बीला तिथं न्यायला पिशवी हवी आहे. मी विचारलं, कशी हवी? म्हणाली, "साधी. निळी. फुलं नको, मॅमॉ, झालर नको, नावही नको. तिथं सगळी मोठ्या गावची पोरं असतील." म्हणजे माझ्या फुलांची तिला लाज वाटते. वाटू दे, तिचं खरं आहे. साधी निळी पिशवी शिवायला घेतली आहे. एवढं साधं शिवण म्हणजे मीठ न घालता बीन्स शिजवण्यासारखं, हात सारखे इकडेतिकडे जातात.

आतल्या बाजूला, तळाशी, जिथं कुणाला दिसणार नाही, तिथं एक छोटंसं फूल काढावं असं फार मनात आहे. सुईत पिवळा दोरा ओवूनही ठेवला. शेल्बी शाळेतून आली की विचारते. नाही म्हणाली तर दोरा काढून ठेवीन.

तीन वाजून गेले, बस येईल आता.